क्लचवरचा पाय : फेरुचिओ लॅम्बोर्गिनी

वेगवान मोटारीचा स्वभाव चालकाला आधी कळतो तो डाव्या पायातून. क्लचचे पेडल किती जड आहे, ते कोणत्या टप्प्यावर पकड घेते, पाय उचलताना गाडी अलगद सरकते की हिसका देते, इंजिनाचा आवाज चढत असूनही वेग का वाढत नाही, हे सारे डोळ्यांना आणि कानांना उमगण्याआधी तळपायाला उमगते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील एका ट्रॅक्टर कारखानदाराच्या पायाला आपल्या नव्या, महागड्या फेरारीत असेच काही खटकले आणि त्यातून पुढे एक मोटार कारखाना उभा राहिला, असे जगभर सांगितले जाते. ते कारखानदार म्हणजे फेरुचिओ लॅम्बोर्गिनी. गोष्ट मुळात खरी आहे. पण ती इतक्या वेळा, इतकी रंगवून सांगितली गेली की तिच्यामागचा माणूस आणि त्याला नेमके काय हवे होते, हे दोन्ही झाकोळून गेले.

फेरुचिओंचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी चेंतो गावाजवळच्या रेनाझ्झो या वस्तीत झाला. पो नदीच्या खोऱ्यातला हा सपाट, शेतीचा मुलूख. वडील अंतोनिओ आणि आई एव्हेलिना द्राक्षांची शेती करीत. थोरल्या मुलाने जमीन सांभाळावी, ही घरची अपेक्षा साहजिकच होती. पण मुलाचे लक्ष वेलींपेक्षा शेतावरच्या अवजारांत आणि यंत्रांत अधिक रमे. घरच्यांनी फार ताणून धरले नाही. यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन तो बोलोन्यातील एका कार्यशाळेत कामाला लागला.

१९४० मध्ये त्यांना इटलीच्या हवाई दलात भरती व्हावे लागले. नेमणूक झाली ती भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर, वाहनदुरुस्ती विभागात. बेटावर सुट्या भागांचा पुरवठा बेभरवशाचा. इटालियन, जर्मन, ब्रिटिश अशा नाना बनावटींची वाहने समोर येत आणि एकाचा भाग दुसऱ्यात बसवून ती चालती ठेवावी लागत. मोडक्यातून चालते करण्याची जी हातोटी पुढे त्यांच्या उपयोगी पडली, तिची तालीम इथे झाली. १९४५ मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, ते युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये मायदेशी परतले.

परतल्यावर लग्न झाले. पत्नी क्लेलिया मोन्ती १९४७ मध्ये पहिल्या बाळंतपणातच गेल्या. मागे राहिला तान्हा अंतोनिओ, ज्याला सारे तोनिनो म्हणत. याच काळात फेरुचिओंनी दुरुस्तीचा धंदा उभारला आणि फावल्या वेळात एक जुनी फियाट तोपोलिनो घेऊन तिचे इंजिन वाढवले, वरचे कवच काढून तिची उघडी, दोन आसनांची शर्यतीची गाडी केली. १९४८ च्या मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत ती उतरवली. सुमारे ११०० किलोमीटर पार केल्यावर फियानो गावातल्या एका खानावळीच्या भिंतीवर गाडी आदळली आणि शर्यत तिथेच संपली. आपण खानावळीत शिरलो ते भिंत फोडूनच, असे ते पुढे हसत सांगत. शर्यतीचे वेड मात्र तेवढ्यावर ओसरले, आणि पुढे स्वतःच्या कारखान्याच्या गाड्या शर्यतीत उतरवण्यास त्यांनी कायम नकार दिला.

युद्धानंतरच्या इटलीत शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा होता आणि तो परवडत नव्हता. दुसरीकडे लष्कराची निकामी वाहने ढिगांनी पडून होती. फेरुचिओंनी ही दोन टोके जुळवली. जुन्या लष्करी वाहनांचे इंजिन, डिफरन्शियल, आस घेऊन त्यांनी स्वस्त ट्रॅक्टर बांधला. इंधन महाग, म्हणून त्याला अशी जोड दिली की इंजिन पेट्रोलवर सुरू करावे आणि तापले की स्वस्त डिझेलवर आणावे. ‘कारिओका’ नावाचा हा ट्रॅक्टर लोकांनी उचलून धरला. १९४८ मध्ये सुरू झालेला हा कारखाना दहा वर्षांत देशातल्या नामांकित ट्रॅक्टर कारखान्यांत गणला जाऊ लागला. त्याला जोड म्हणून १९६० च्या सुमारास घरे तापवणाऱ्या बर्नरचा आणि वातानुकूलन यंत्रांचा कारखाना आला. शेतकऱ्याचा मुलगा धनवान झाला.

ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स कार यांची सांगड विचित्र वाटते आणि ‘ट्रॅक्टरवाला’ हा शब्द या गोष्टीत नेहमी हिणवण्यासाठीच येतो. वस्तुतः क्लचची खरी कसोटी ट्रॅक्टरवरच लागते. क्लचचे काम साधे दिसते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर घर्षणाच्या अस्तराची एक तबकडी, म्हणजे क्लचप्लेट, स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरलेली असते. पेडल दाबले की दाब सुटतो, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात; पाय उचलला की पुन्हा जुळतात. स्प्रिंग मऊ ठेवली तर पेडल हलके राहते, पण इंजिनाचा जोर वाढताच प्लेट घसरते, तापते, जळते. स्प्रिंग कडक केली तर घसरणे थांबते, पण चालकाच्या मांडीचा घाम निघतो. उपाय म्हणजे प्लेट मोठी करावी किंवा अधिक चांगले अस्तर वापरावे. नांगराचा फाळ जमिनीत अडकलेला असताना, चिखलात, अननुभवी पायांखाली क्लच टिकला नाही तर ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी शेतकरी उभा राहतो. या विषयात फेरुचिओ कुणाचेही शिष्य नव्हते.

हाती पैसा येताच त्यांनी उंची मोटारी घ्यायला सुरुवात केली. अल्फा रोमिओ, लान्चिया, मर्सिडीझ, जॅग्वार, माझेराती अशा गाड्या त्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी पहिली फेरारी घेतली, २५० जीटी. नंतर आणखी काही घेतल्या. माझेराती त्यांना जड वाटे. फेरारीचे इंजिन त्यांना आवडे, पण गाडीचे उरलेले वागणे शर्यतीच्या मैदानातून तडक रस्त्यावर आणलेल्या गाडीसारखे वाटे : खडबडीत, आतून उघडीबोडकी, कानाला त्रास देणारी. दूरच्या प्रवासानंतर चालकाचे डोके भणभणावे हे त्यांना पटत नसे. आणि क्लच. संथ चालवताना काही जाणवत नसे. पण जोरात वेग घेऊ लागले की तो घसरे. दुरुस्तीसाठी गाडी मारानेल्लोला, फेरारीच्या कारखान्यात न्यावी लागे. तिथे ती तासन् तास आत नेली जाई आणि गाडीच्या मालकाला, जो स्वतः मेकॅनिक होता, आत काय चालले आहे ते पाहू दिले जात नसे.

अखेर त्यांनी आपल्याच कारखान्यात फेरारी उघडून पाहिली. आत निघालेला क्लच बाजारात मिळणाऱ्या साध्या जातीचाच, आपल्या ट्रॅक्टरला बसवतो त्याच्या सारखाच होता, असे लॅम्बोर्गिनी घराण्यात सांगितले जाते. त्यांनी अधिक दणकट क्लच बसवला आणि घसरणे थांबले. या प्रसंगाचा व्यापारी अर्थही त्यांच्या ध्यानात आला असणारच. ज्या भागाची ट्रॅक्टरमधली किंमत त्यांना ठाऊक होती, तोच फेरारीच्या बिलावर कितीतरी पटींनी महाग होता.

मग ते एन्झो फेरारींना भेटायला गेले. बराच वेळ ताटकळल्यावर भेट झाली. तक्रार ऐकून फेरारी संतापले आणि ट्रॅक्टर हाकणाऱ्याला फेरारी चालवणे काय जमणार, अशा अर्थाचे बोलले, असे स्वतः फेरुचिओंनी उतारवयात सांगितले. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात : कधी भेट लांबते, कधी शब्द अधिक बोचरे होतात. अपमानाच्या एका वाक्यावर कुणी कारखाना काढत नाही. मात्र पैसा, यंत्रांची जाण आणि एक दुखरी जागा असे तिन्ही एकत्र आले की काढतो. मारानेल्लोपासून फार लांब नसलेल्या सांत आगाता बोलोन्येझे या खेड्यात १९६३ मध्ये फेरुचिओंनी नवा कोरा, प्रशस्त, भरपूर उजेडाचा कारखाना बांधला.

त्यांनी माणसे निवडली ती तरुण. इंजिनासाठी आले जॉत्तो बिझारिनी, जे पूर्वी फेरारीकडे होते. साडेतीन लिटरचे, बारा सिलिंडरचे, चार कॅमशाफ्टचे इंजिन त्यांनी रचले. करार असा की फेरारीच्या इंजिनाहून जितकी अश्वशक्ती जास्त, तितके मानधन जास्त. करार महागात पडला. १९६३ च्या मे महिन्यात चाचणीच्या बाकावर इंजिनाने साडेतीनशेहून अधिक अश्वशक्ती दिली खरी, पण ९८०० फेऱ्यांवर. म्हणजे पुन्हा शर्यतीचेच इंजिन. फेरुचिओंना हवे होते ते शांतपणे, वर्षानुवर्षे चालणारे. वाद झाला, बिझारिनी गेले, आणि जान पाओलो दाल्लारा व पाओलो स्तान्झानी या विशीतल्या अभियंत्यांनी तेच इंजिन मवाळ करायला घेतले. गाडी रस्त्यावर चालवून पारखण्याचे काम न्यूझीलंडहून आलेल्या बॉब वॉलेस यांच्याकडे होते.

त्याच वर्षी तूरिनच्या मोटार प्रदर्शनात पहिला नमुना दाखवायचा होता. गाडी सजली, पण इंजिन बॉनेटखाली बसेना. वेळ नव्हता. इंजिनाच्या जागी वजन भरण्यासाठी फरशांचा ढीग ठेवला गेला आणि प्रदर्शनभर बॉनेट बंद ठेवण्यात आले. ज्या माणसाला फेरारीच्या कारखान्यात आत पाहू दिले जात नव्हते, त्याने आता स्वतःच्या गाडीचे झाकण लोकांसमोर बंद ठेवले, यातली गंमत त्या वेळी तिथे कुणाला सुचली असती तर बरे झाले असते.

मार्च १९६४ मध्ये जिनिव्हात आलेली ३५० जीटी मात्र खरीखुरी होती, आणि तिच्याकडे पाहिले की फेरुचिओंच्या तक्रारींची यादीच वाचल्यासारखे वाटते. इंजिन सुमारे २८० अश्वशक्तीवर आणलेले. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. फेरारीच्या २५० जीटीला मागे अजून अखंड आस होता. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, पाचही गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दाते एकमेकांवर खरवडू नयेत म्हणून फिरणाऱ्या भागांचा वेग आधी जुळवून घेणारी रचना. आत चामडी आसने, नीट बसवलेली कळपटी. ही गाडी ते बहुधा तोट्यात विकत होते, कारण किंमत फेरारीच्या बरोबरीत ठेवायची होती. पहिल्या वर्षी तेरा गाड्या गेल्या.

इथे ते थांबले असते तरी चालले असते. पण बाहेरून आणलेल्या गिअरबॉक्सवर आणि डिफरन्शियलवर समाधान मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. गिअरबॉक्सचा आवाज ही मोठी अवघड गोष्ट असते. दाते सरळ कापले तर ताकद टिकते पण गाडी कण्हत राहते. तिरके कापले तर आवाज उतरतो, पण शाफ्टवर आडवा रेटा येतो. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, भार नसलेले गिअर एकमेकांवर खुळखुळतात. क्लच दाबला की तो खुळखुळाट थांबतो, आणि तसे झाले तर दोष क्लचमध्ये नसून गिअरबॉक्समध्ये असतो. उलट दाबल्यावरच घरघर सुरू झाली तर बेअरिंग गेले समजावे. मेकॅनिकचा कान हा फरक न पाहता ओळखतो. चार लिटरची ४०० जीटी टू प्लस टू १९६६ मध्ये आली तेव्हा तिच्यात सांत आगातात रचलेला स्वतःचा गिअरबॉक्स होता आणि त्यात रिव्हर्सलाही सिंक्रोमेश होता. मागे घेताना होणारी खर्रकन आवाजाची लाजिरवाणी घासाघीसही त्यांना नको होती. एवढ्याशा गोष्टीवर इतका खर्च करणारा कारखानदार विरळाच. हिशेबाच्या दृष्टीने तो खर्च व्यर्थ असेलही. पण त्यांच्या तक्रारीचा खरा निकाल लागला तो या गिअरबॉक्समध्ये, फेरारींच्या दालनात नव्हे.

आणि नेमक्या याच वर्षी त्यांच्या कारखान्याने त्यांच्या आवडीला पूर्ण वळसा घातला. दाल्लारा, स्तान्झानी आणि वॉलेस ही तरुण मंडळी कामाचे तास संपल्यावर वेगळ्याच गाडीचे मनसुबे रचत होती : इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि तेही आडवे. १९६५ च्या नोव्हेंबरात तूरिनला नुसता सांगाडा मांडला गेला. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात त्यावर बेर्तोनेकडच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलेले शरीर चढले. हीच मिउरा. नाव स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या प्रसिद्ध वंशावरून घेतलेले. फेरुचिओंची रास वृषभ, त्यामुळे कारखान्याच्या चिन्हावरही बैलच होता.

मिउरा पाहून जग वेडे झाले. पण तिच्यात बसणे म्हणजे बारा सिलिंडरांच्या शेजारी बसणे. डोक्यामागे काचेची एक तावदानवजा भिंत, तिच्या पलीकडे कार्ब्युरेटरची बारा तोंडे हवा ओढत असत. जागा वाचवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात होते, दोघांना तेलही एकच. गिअरच्या दात्यांचा कीस इंजिनाच्या तेलात जाई. गिअरचा दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे, म्हणून मधे लांबलचक दांड्यांची जोडणी आणि त्यामुळे हाताला गिअर पडल्याची नेमकी जाणीव कमी. क्लचही जड. म्हणजे कडक पेडल, कानात आवाज आणि अंगाला उष्णता : फेरारीबद्दल त्यांची जी जी तक्रार होती, ती बहुतेक आता त्यांच्याच नावाच्या गाडीत होती. त्यांनी ती गाडी होऊ दिली, कारण तिच्यामुळे कारखान्याची कीर्ती होईल हे ते जाणून होते. थोड्याच विकल्या जातील असा त्यांचा होरा होता. साडेसातशेहून अधिक विकल्या गेल्या. स्वतःच्या वापरासाठी मात्र त्यांना इस्लेरो आणि नंतरची जारामा या, इंजिन पुढे असलेल्या, संयमी गाड्या अधिक रुचल्या. चार माणसांना सामावणारी एस्पादा त्या काळातली त्यांची सर्वाधिक खपलेली गाडी, बाराशेहून अधिक. पण लॅम्बोर्गिनी म्हटल्यावर आज तिची आठवण कुणाला येते?

१९७० च्या दशकाचा आरंभ वाईट होता. इटलीभर कामगारांचे संप चालू होते. परदेशातल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या मागण्या रद्द झाल्या. त्यातली बोलिव्हियाची मागणी तर तिथल्या सत्तापालटानंतर, माल तयार झालेला असताना बुडाली. १९७२ मध्ये ट्रॅक्टर कारखाना ‘सामे’ या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. मोटार कारखान्यातले ५१ टक्के त्यांनी त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या जॉर्ज-आन्री रोसेत्ती यांना ६ लाख डॉलरना विकले आणि तेलटंचाईनंतर, १९७४ मध्ये, उरलेले ४९ टक्के रने लायमर यांना. ट्रॅक्टर विकतानाचे दुःख मोटारी विकतानाच्या दुःखाहून मोठे असावे, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून वाटते.

त्यांच्या नावावर अखेरची थोर म्हणता येईल अशी गाडी, काउंताश, त्याच १९७४ मध्ये विक्रीला आली, तेव्हा ते मालक उरले नव्हते. तिचा नमुना मात्र १९७१ मध्ये त्यांच्याच अमदानीत जिनिव्हात मांडला गेला होता, आणि त्यात स्तान्झानींनी मिउराच्या जुन्या दुखण्यावर उपाय केला होता. इंजिन उभे, पण उलटे वळवलेले. गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, थेट दोन आसनांच्या मधे. गिअरचा दांडा त्याच्या माथ्यावरच बसवलेला, मधे लांब जोडण्या नाहीत. हातात गिअर पडतो तो नेमका कळतो. शक्ती मात्र इंजिनाखालून पुन्हा मागे चाकांकडे न्यावी लागते. आवाज काही कमी झाला नाही आणि क्लचला चांगलाच जोर लागे. पण गिअरच्या स्पर्शाबाबत हा एक प्रश्न सुटला.

फेरुचिओ उंब्रिया प्रांतात, त्रासिमेनो सरोवराजवळ पानिकाले येथे गेले. सुमारे तीनशे हेक्टरांच्या जमिनीवर त्यांनी द्राक्षे लावली, म्हणजे ज्या कामाला लहानपणी टाळले तेच उतारवयात हाती घेतले. तिथल्या तांबड्या मद्याला नाव दिले ‘मिउराचे रक्त’. शेतावर ट्रॅक्टर चालवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. एन्झो फेरारी १९८८ मध्ये गेले. फेरुचिओ २० फेब्रुवारी १९९३ रोजी, पेरुज्यात, हृदयविकाराने, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. 

तोनिनोने वडिलांच्या नावाने एक संग्रहालय उभारले. तिथे मिउराच्या छताखालीच युद्धातल्या भंगारातून जोडलेले जुने ट्रॅक्टर उभे आहेत, रंग दिलेले, चाके घासूनपुसून ठेवलेली.